हौद्यातले कुत्रे

दसरा उलटला की मराठवाड्यातून ऊसतोडणीची बिऱ्हाडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ट्रकच्या हौद्यात भांडीकुंडी, शेळ्या, पोरेबाळे आणि कधी गाठोड्यांच्या ढिगावर तोल सावरत उभे असलेले घरचे कुत्रे. जिथे माणसांनाच हौद्यातून जावे लागते तिथे कुत्र्याची काय कथा! त्यांच्याशी आमचा वाद नाही. वाद आहे तो ज्यांना पर्याय आहे त्यांच्याशी. सुट्टीला शेतघरावर जाताना, घर बदलताना ही मंडळी कुत्र्याला सामानाबरोबर टेम्पोच्या हौद्यात चढवतात; केबिनमध्ये केस पडतात म्हणून! वर कौतुक असे की, ‘त्याला वारा फार आवडतो हो.’

आवडत असेलही. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. पुढे म्हैस आडवी आली आणि चालकाने करकचून ब्रेक दाबला, की गाडी थांबते. हौद्यातले कुत्रे मात्र त्याच वेगाने पुढे फेकले जाते. माणूस निदान कठडा धरतो. कुत्र्याला धरायला हात नाहीत आणि पत्र्यावर नखे रुतत नाहीत. रस्त्याकडेला दुसरे कुत्रे भुंकले तर हे उडीच मारते. त्याला चुकवताना मागचा दुचाकीस्वार घसरला, तर त्याचा दोष कोणाचा?

‘आम्ही बांधून ठेवतो,’ हे यावरचे ठरलेले उत्तर. आमच्या मते खरा घात इथेच आहे. साखळी कठड्यापलीकडे पोचेल इतकी लांब असली, तर उडी मारलेले कुत्रे बाहेरच्या बाजूला गळ्याने लटकते, नाहीतर चाकाशेजारी फरफटत जाते. इंजिनाच्या घरघरीत केबिनमध्ये काहीच ऐकू येत नाही.

उन्हाळ्याचे तर विचारूच नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; धापा टाकूनच ते अंग निववते. तापलेल्या पत्र्यावर त्याचे पंजे भाजतात. शंका असेल त्याने दुपारी हौद्यात स्वतःचा तळहात टेकवून पाहावा.

कायदा आहे. जनावराला यातना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरते. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये! एवढ्यात हल्ली चहासुद्धा सगळ्यांना मिळत नाही. अमेरिकेत उघड्या हौद्याच्या गाड्या घरोघरी. तिथल्या कॅलिफोर्निया राज्यात हौदा बंदिस्त हवा किंवा त्याला ४६ इंच उंच कठडे हवेत, नाहीतर कुत्रे दोन बाजूंनी आखूड बांधलेले किंवा पक्क्या पिंजऱ्यात हवे. शेतावरच्या कुत्र्यांना ग्रामीण रस्त्यांवर तिथे सूट आहे. ती आम्हाला पटत नाही. गावच्या रस्त्यावर ब्रेक काही हळू लागत नाहीत.

कुत्र्याची जागा केबिनमध्ये, मागच्या बाजूला, अंगपट्ट्याने बांधून. केस झटकता येतात. तेवढी जागा नसेलच, तर ते उभे राहून वळू शकेल एवढा हवेशीर पिंजरा घ्यावा, तो केबिनच्या पाठीला टेकवून दोरखंडाने चारही बाजूंनी आवळावा आणि खाली गोणपाट, वर सावली करावी. मग पहाटे निघावे. वाटेत चहाला थांबाल तेव्हा त्यालाही पाणी पाजावे. पिंजरा उघडण्याआधी गळ्यातला पट्टा हातात धरावा.