विहीर लपवून खोदता येत नाही

जून 2023 मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकी पोलिसांनी वाखरवाडी आणि खामसवाडी परिसरातल्या विहिरींवरून 11 मजूर सोडवले. पोलिसांनी सांगितले ते असे: दिवसाला बारा-चौदा तास खोदकाम, जेवण एकवेळचे, पळून जाऊ नयेत म्हणून साखळदंड, नैसर्गिक विधीही विहिरीतच. त्यांच्यासोबत राबणारा एक जण आधीच निसटून हिंगोली जिल्ह्यात पोहोचला आणि तिथल्या पोलिसांपुढे बोलला, म्हणून बाकीचे सुटले.

अशा प्रकरणानंतर पहिला बचाव ठरलेला असतो. ठेकेदार नराधम निघाला, गावाला काय कल्पना?

आपल्याकडे विहीर कशी पडते ते ज्याने पाहिले आहे, त्याला हे पटणार नाही. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन रानात फिरतो, तेव्हाच बांधावर चार माणसे जमतात. मुरूम संपून काळा पाषाण लागला की सुरुंग उडतात आणि शेजारच्या वस्तीवरची भांडी वाजतात. यारीने वर काढलेल्या दगडांचा ढीग गाडीवाटेवरून दिसतो. कितव्या फुटाला पाझर लागला, हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर कळलेले असते. साखळी प्रत्येकाने पाहिली असे मी म्हणत नाही. रात्री कोण जातो दुसऱ्याच्या विहिरीवर? पण ही माणसे कुठली, मुक्कामाला कुठे, आठवडी बाजाराला एकदाही का फिरकली नाहीत, हे विचारायला साखळी दिसावी लागत नाही.

दुसरा बचाव कुजबुजीतला आहे. मजूर दारुडे असतात, उचल घेऊन पळतात, मग बांधणार नाही तर काय करणार? उचल बुडवणाऱ्याला डांबून ठेवायचा अधिकार कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. उलट वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा 1976 चा कायदा असे वेठीचे कर्जच रद्द ठरवतो. शिवाय इथे तर दलालांनी डोईगणिक पैसे घेऊन माणसे ठेकेदारांच्या हवाली केली, असे पोलीस सांगतात. म्हणजे पैसा दलालाच्या खिशात आणि साखळी मजुराच्या पायात.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. सगळा समाज जबाबदार म्हटले की कोणीच जबाबदार राहत नाही, खरा गुन्हेगार गर्दीत लपतो. मान्य. म्हणून गुन्हा ज्याचा त्याच्याच माथी राहू द्या. शिक्षा त्यालाच व्हावी. जबाबदारीची वाटणी मात्र ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे करावी लागेल. शेजारच्या रानात खुरपायला आलेल्या बाईने ठेकेदाराला जाब विचारावा, ही अपेक्षा मी करणार नाही. तिची उद्याची रोजंदारी त्याच साखळीतल्या कोणाच्या तरी हातात असते. पण फुटाच्या दराने ठेका देऊन मोकळा होणारा जमीनमालक? गावातल्या गुन्ह्यांची खबर वर देणे हे ज्याचे 1967 च्या कायद्याने ठरवलेले काम आहे, तो पोलीस पाटील? आणि त्याच 1976 च्या कायद्याने जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समिती नेमायला सांगितले आहे. जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती, सोबत अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी आणि सामाजिक कार्यकर्ते. इतकी यंत्रणा कागदावर असताना 11 माणसांची सुटका एकाच्या पायातल्या बळावर अवलंबून राहिली. त्याचा पाय वाटेत मुरगळला असता तर?

दर 17 सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा लावतो आणि निजामी राजवटीतल्या वेठबिगारीवर तावातावाने बोलतो. (भाषणाला जमलेल्यांपैकी किती जणांच्या शेतात त्या वेळी परजिल्ह्यातले मजूर राबत असतात, हे मोजायला हवे.)

करायचे ते अवघड नाही. विहिरीचे काम सुरू झाले की बाहेरून आलेल्या मजुरांची नावे-गावे ग्रामपंचायतीच्या वहीत चढवावीत. जमीनमालकाने मजुरी साक्षीदारांसमोर मजुराच्या हातात द्यावी किंवा त्याच्या खात्यावर टाकावी, ठेकेदाराचा हिशेब वेगळा. ग्रामसभेत हा विषय निघाला की कोणी तरी म्हणेलच, नसत्या भानगडीत कशाला पडायचे. त्याला तिथेच अडवावे. आणि दक्षता समितीची शेवटची बैठक कधी झाली, तिचे इतिवृत्त कुठे आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला माहितीच्या अधिकारात कोणीही विचारू शकते. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते.