भोग आणि लढा

नाशिक हे नाव 'नासिका' या शब्दावरून आले, असे लोकपरंपरा सांगते. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, ते हे स्थळ. वाल्मीकींच्या कथेत तिचे नाक-कान जातात. तमिळ कवी कंबनाच्या रामायणात स्तनांवरही शस्त्र चालते. कथेतले हे अंगच्छेदन म्हणजे शिक्षा. शस्त्रक्रियागृहात स्तन काढला जातो तो मात्र उपचार म्हणून. स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीशी बोलताना आपण हा भेद विसरतो, असे आम्हांस वाटते.

'भोग' हा शब्दच पाहावा. "भोग आहेत, दुसरे काय!" असे म्हणणारा सांत्वनच करीत असतो, पण ऐकणारीला त्यात आपल्या कुठल्याशा पापाचा हिशेब ऐकू येतो. २०२२ साली भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. इतक्या जणींच्या संचिताचा हिशेब मांडणारे आपण कोण?

दुसरा शब्द 'लढा'. तो गौरवाचा वाटतो, म्हणून अधिक फसवा. एकदा रणरागिणी ठरवले की तिला रडण्याची मुभा उरत नाही आणि उपचारांना यश आले नाही तर ती 'हरली' असे होते. शूर्पणखेच्या आक्रोशाचेही खराने युद्धच केले. दुःख म्हणून तो कोणी ऐकला?

सुझन सोन्टॅग यांना १९७५ साली हाच रोग झाला. १९७८ च्या 'इलनेस अ‍ॅज मेटाफर'मध्ये त्यांनी रोगांवर लादलेल्या रूपकांची झडती घेतली, पण स्वतःच्या आजाराविषयी मौन पाळले. ऑड्री लॉर्ड यांनी उलट वाट धरली. १९८० च्या 'द कॅन्सर जर्नल्स'मध्ये त्यांनी आपले भय आणि शोक उघड मांडला. कृत्रिम स्तन लावून सारे पूर्ववत असल्याचे दाखवणे नाकारले. एकीला मौन मानवले, दुसरीला उच्चार. निवड ज्या त्या स्त्रीची होती, हे महत्त्वाचे.

निदानानंतरचे भय, संताप, आरशाची नकोशी वाटणारी भेट, यांत दुबळेपणा नाही. रोग वेळीच कळल्यास पुष्कळदा स्तन राखूनही शस्त्रक्रिया करता येते, हे तिला सांगावे. मन फारच खचले तर समुपदेशकाची मदत मिळवून द्यावी. एरवी तिचे बोलणे ऐकावे, आणि ती गप्प राहिली तर आपणही शब्द आवरावेत. शब्दांचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्यांकडून एवढी अपेक्षा गैर नव्हे.