गारव्याचा बाजार आणि मावळातला ग्राहक

घरातील उकाडा आणि गारठा हा समाजवादी कार्यकर्त्याने लक्ष घालावा असा विषय आहे काय? पुष्कळांचे उत्तर नकारार्थी असते. जमीन, मजुरी आणि धरणग्रस्तांचे पुनर्वसन हे प्रश्न उभे असताना पंखे, कूलर आणि वातानुकूलन यंत्रे यांची चर्चा करणे म्हणजे मध्यमवर्गाचे चोचले पुरवणे होय, असे मानले जाते. ही भूमिका करारी दिसते. पण ती चुकीची आहे. जो माणूस पत्र्याखाली रात्रभर तळमळतो आणि सकाळी रोजगार हमीच्या कामावर किंवा शिरवळच्या कारखान्यात उभा राहतो, त्याच्या झोपेचा प्रश्न हा त्याच्या श्रमशक्तीचा प्रश्न आहे. अहमदाबादेत २०१० सालच्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले. त्यानंतर, २०१३ मध्ये, त्या शहराने उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला. तेव्हा गारवा ही चैन आहे असे म्हणण्याचा अधिकार आता कोणालाही उरलेला नाही.

भोर तालुका आणि आता राजगड हे नाव मिळालेला वेल्हे तालुका या दृष्टीने विचार करण्याजोगे आहेत. पश्चिमेला वरंध घाट आणि मढे घाट यांच्या माथ्यावर पावसाळ्यात दिवसचे दिवस झड लागते, भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत. पूर्वेला नसरापूरकडे यावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो आणि उन्हाळा कोरडा व कडक होतो. म्हणजे हिरडस मावळातल्या घराची गरज एक आणि महामार्गालगतच्या घराची दुसरी. पण दुकानात दोघांनाही एकच माल, एकाच हप्त्याने दिला जातो. १९२८ साली पूर्ण झालेले भाटघर धरण, तसेच पानशेत आणि वरसगाव ही धरणे याच खोऱ्यांतील. तेथे पाण्यावर वीजही तयार होते. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांच्याच नातवंडांना विजेचे बिल वाचता येऊ नये, ही परिस्थिती केवळ खेदाची नाही. ती कोणाच्या तरी फायद्याची आहे.

खरेदीपूर्वी पहिला विचार यंत्राचा नव्हे, छपराचा झाला पाहिजे. मावळातले जुने घर दगडामातीच्या जाड भिंतींचे, वर माळा आणि त्यावर कौले असे होते. माळ्यातील हवा छपराची उष्णता खाली येऊ देत नसे. त्या घरात धूर होता, अंधार होता. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण कौले उतरून थेट पत्रा चढवला गेला तेव्हा घराने उन्हाविरुद्धचे आपले संरक्षण गमावले. असा पत्रा तापला असताना खाली थंड हवेचे यंत्र चालवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. पत्र्याला बाहेरून पांढरा रंग किंवा चुना आणि आतून साधे तक्त्यांचे छत, एवढ्यानेही यंत्रावरचा भार हलका होतो. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. महाराष्ट्रात घरकुल मंजूर करताना त्याचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर असावे हे पाहिले जाते. त्याच्या छपराखाली मे महिन्यात माणूस झोपू शकेल काय, हेही पाहिले गेले पाहिजे.

दुसरा विचार हवेचा आणि पाण्याचा. कूलर पाण्याचे बाष्पीभवन करून हवा थंड करतो. म्हणून तो कोरड्या एप्रिलमध्ये नसरापूरला उपयोगी पडतो आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावर केवळ ओल वाढवतो. शिवाय एक लिटर पाणी वाफ होताना साधारण पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता शोषते. या हिशेबाने एका खोलीला एक टनाच्या यंत्राइतका गारवा द्यायचा तर तासाला पाच लिटर, म्हणजे आठ तासांना चाळीस लिटर पाणी लागते. ज्या वाडीवर उन्हाळ्यात बायकांना डोक्यावरून पाणी आणावे लागते, तेथे हा गारवा कोणाच्या श्रमावर उभा राहतो, याचा उल्लेख कोणत्याही जाहिरातीत नसतो.

तिसरा विचार विजेचा, आणि लुबाडणूक सर्वांत जास्त येथेच होते. ‘टन’ हे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवण्यास लागणारी उष्णता, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट, खोलीबाहेर टाकण्याची ती क्षमता आहे. ‘इन्व्हर्टर’ हा शब्द ऐकून वीज गेल्यावरही यंत्र बॅटरीवर चालेल असा ग्राहकाचा समज होतो. वस्तुतः त्याचा अर्थ कॉम्प्रेसरची गती गरजेप्रमाणे कमीजास्त होते, एवढाच. ताऱ्यांचे कोष्टक वेळोवेळी कडक केले जाते. म्हणून जुन्या वर्षाचे पाच तारे आणि नव्या वर्षाचे पाच तारे सारखे नसतात. तारे मोजण्यापेक्षा चिठ्ठीवरील वर्ष आणि वार्षिक युनिटांचा आकडा वाचावा. वातानुकूलन यंत्राच्या चिठ्ठीवरील तो आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. समजा यंत्र सरासरी एक किलोवॉट वीज घेते आणि रोज रात्री आठ तास चालते. महिन्याला २४० युनिटे झाली. ज्या घराचे बिल ८० युनिटांचे होते ते ३२० वर जाते. राज्यात घरगुती विजेचा दर १०० आणि ३०० युनिटांच्या पायऱ्यांवर वाढत असल्याने ही नवी युनिटे जुन्या दराने मिळत नाहीत. हप्ता फेडण्याची ऐपत असलेले कुटुंब मग बिलाने मोडते.

उलट, साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो आणि नव्या पद्धतीच्या मोटरीचा पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर १३५ युनिटांची बचत होते. युनिटाला आठ रुपये धरले तर वर्षाला १,०८० रुपये वाचतात. दोन पंख्यांच्या किमतींतील फरक या आकड्याशी ताडून पाहावा. स्वस्त वस्तू गरिबाला महाग पडते ती अशी.

उष्णता देणाऱ्या साधनांत तर थापांना सीमाच नाही. २,००० वॉटचा कोणताही तारेचा हीटर तासाला दोन युनिटे घेतो आणि तेवढीच उष्णता देतो. ‘कमी विजेत जास्त ऊब’ हे त्याच्या बाबतीत शुद्ध असत्य आहे. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास रॉड असो वा गीझर, किमान अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागतेच. बंबाला वीज लागत नाही, पण लाकूडफाटा आणि धूर स्त्रियांच्या वाट्याला येतो. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात किंवा कोळशाची शेगडी दार लावलेल्या खोलीत ठेवली तर वास नसलेला विषारी वायू साचून माणसे मरतात. हे विक्रेत्याने विकताना सांगितलेच पाहिजे.

‘ग्राहक हा राजा आहे, त्याने समजून घ्यावे’ असे बाजाराचे समर्थक म्हणतात. ज्याला समजण्याची साधनेच दिलेली नाहीत त्याला राजा म्हणणे ही थट्टा आहे. शासनाचा कल कोणीकडे आहे तेही पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पंख्यावरील कर १८ टक्केच राहिला. बंगल्यातील यंत्र आणि वाडीवरचा पंखा करापुरते समान झाले! समतेचा हा अर्थ कोणत्याही समाजवाद्याला मान्य होणार नाही.

पर्याय नाही असे मात्र नाही. एलईडी दिव्यांची सरकारी कंपनीने एकत्र खरेदी केली तेव्हा २०१४ साली ३१० रुपयांना मिळणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांना मिळाला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सामूहिक खरेदी मध्यमवर्गीय घरांत रुजवून दाखवली. तीच रीत मावळात आणणे अशक्य नाही. कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावात एक संध्याकाळ विजेचे बिल आणि यंत्रावरची चिठ्ठी वाचण्यासाठी ठेवावी. कमी विजेच्या पंख्यांची मागणी वाडीवाडीने नोंदवून खरेदी एकत्र करावी. घरकुलाच्या छपराचा ठराव ग्रामसभेत मांडावा. ज्या कार्यकर्त्याला गावकऱ्याचे बिल समजावून सांगता येत नाही, त्याने वीजदरवाढीविरुद्ध काढलेल्या मोर्चात गावकऱ्याने का यावे?