पेग भरायला शिकाल, पण 'नाही' म्हणायला?

बारटेंडर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हवेत उडणारी बाटली, गरगर फिरणारा शेकर आणि मोबाइल वर करून रील काढणारी पब्लिक. पण वाडीत राहून पहिली नोकरी शोधाल, तर ती बहुतेक एखाद्या परमिट रूमच्या काउंटरमागेच मिळेल. तिथे बाटली उडवायला ना जागा, ना वेळ. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, बाटली फिरवायला नंतर शिका. आधी 'नाही' म्हणायला शिका.

पहिलं 'नाही' वयाचं. महाराष्ट्रात वाइन आणि माइल्ड बिअरसाठी वयाची 21 वर्षं, तर व्हिस्की, रम, स्ट्राँग बिअरसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे 22 वर्षांचे असाल, तर जी व्हिस्की रोज ओताल ती तुम्हाला स्वतःला पिता येत नाही! कॉलेजमधला एखादा मित्र येऊन म्हणेल, "काऊन बे, ओळखत नाही का मला?" ओळखता, म्हणूनच तर त्याचं वय माहीत आहे. त्याला हसून कोल्ड्रिंक द्या.

दुसरं 'नाही' मापाचं. 750 मिलीच्या बाटलीतून 30 मिलीचे बरोबर 25 पेग निघतात. प्रत्येक पेगमध्ये फक्त 3 मिली मारले, तर 27 निघतात. दोन पेग वरकमाई! पहिल्या महिन्यात कुणीतरी हा हिशोब तुम्हाला शिकवायला येईलच. पेगमेजरवर वैधमापन विभागाचा शिक्का कशासाठी असतो, हे त्याआधी समजून घ्या. हाताला अंदाज यायला हवा असेल, तर घरी रिकाम्या बाटलीत पाणी भरून सराव करा. पाणी फुकट आहे, गेलेलं नाव नाही.

तिसरं 'नाही' सगळ्यात अवघड. "भाऊ, लास्टचा भर ना!" म्हणणाऱ्याचा तो लास्टचा कधीच नसतो. आपल्याकडे समोर अमरावती रोड आहे, ट्रान्सपोर्टच्या गाड्यांची रात्रभर ये-जा आहे आणि बाहेर त्याची बाइक उभी आहे. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेऊन गाडी चालवली, तर पहिल्याच वेळी 10 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि कॉफी, लिंबूपाणी, तोंडावर गार पाण्याचा हबका यातलं काहीही चढलेली उतरवत नाही. यकृत आपल्याच वेगाने काम करतं. ते काम फक्त वेळ करते.

आता म्हणाल, नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटेल, टिप जाईल, मालक हाकलेल. भीती खोटी नाही. पण नकार देण्याचीही एक रीत असते. चौघांसमोर "तुम्हाला चढली" म्हणू नका. आधी पाणी ठेवा, काही खायला सुचवा, पुढच्या पेगला उशीर लावा. सोबतच्या शुद्धीत असलेल्या मित्राला बाजूला घेऊन बोला, ऑटो बोलवून द्या. आवाज चढवायचा नाही, ग्लास भरायचा नाही. हीदेखील बारटेंडरची कलाच आहे, फक्त तिची रील निघत नाही.

पण हे सगळं 22 वर्षांच्या पोराच्या एकट्याच्या खांद्यावर टाकणं चुकीचं आहे. म्हणून मुलाखतीत पगार, सुट्टी आणि रात्री घरी जायची सोय विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा, "मी गिऱ्हाइकाला नाही म्हटलं, तर तुम्ही माझ्या बाजूने उभे राहाल का?" उत्तर देताना मालक गडबडला, तर ती नोकरी कशी असेल हे तिथेच कळलं.

पोरींनो, हे तुमच्यासाठीही आहे. महिलांना बारमध्ये नोकरीला बंदी घालणारं पंजाबच्या अबकारी कायद्यातलं कलम, जे दिल्लीतही लागू होतं, सुप्रीम कोर्टाने 2007 मध्येच चुकीचं ठरवलं. सुरक्षेच्या नावाखाली बाईची नोकरी काढू नका, तिला सुरक्षा द्या, असा त्या निकालाचा रोख होता.

आणि घरी? "हॉटेलात आहे" असं मोघम सांगू नका. काय काम करता ते नीट सांगा. आईचा पहिला प्रश्न ठरलेला आहे, "तू तर नाही ना पीत?" ड्युटीवर स्वतःला 'नाही' म्हणता येत असेल, तर या प्रश्नाचं उत्तर तिच्या डोळ्यांत बघून देता येईल.