मागापाशी बसल्यावाचून

दावीद व गल्याथ यांच्या कथेत गल्याथाच्या भाल्याच्या दांड्यास साळ्याच्या तुरीची उपमा दिली आहे. तूर म्हणजे मागाचा जाड, गोल दांडा. यंदा वर्गात मी या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा कोणीच उत्तर दिले नाही. तास संपल्यावर मात्र एक विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, नगरला आजोबांच्या घरी ती आहे, पण सर्वांदेखत सांगावयास लाज वाटली." त्या लाजेविषयीच येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

आपल्याकडील जुना माग खड्ड्याचा. विणकर खड्ड्यात पाय सोडून जमिनीवर बसतो, पायांनी पट्ट्या दाबून ताण्याचे धागे वरखाली करतो, त्यांतून धोटा फेकतो आणि बाण्याचा धागा फणीने ठोकून बसवितो. शिकलेल्या मनुष्यास हे मागासलेपण वाटते. जमिनीवर उभा राहणारा चौकटीचा माग हलविता येतो व त्यावर ताठ बसता येते, हे खरे. परंतु खड्ड्यामागे अडाणीपणा नसून हिशेब आहे. मागाचा भार व ठोक्याचा हादरा भूमीच सोसते, म्हणून लाकूड थोडे लागते. ठेंगणे छप्परही पुरते. आणि जमिनीलगतच्या ओलाव्याने सुती धागा कमी तुटतो. १७३३ साली इंग्लंडात जॉन के याने दोरीच्या हिसक्याने धावणारा धोटा काढला. पुढे आपल्या विणकरांनी तो याच खड्ड्याच्या मागावर बसविला. उपयोगी सुधारणेस त्यांनी पाठ दाखविली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे यंत्रविद्या शिकलेले गृहस्थ नगरास आले. त्यांची विद्या त्यांना हातमागापासून सहज दूर नेऊ शकली असती. ती त्यांनी मागाच्या सुधारणेसाठी वेचली, व तो माग त्यांच्याच नावाने ओळखला गेला. केवळ सुधारलेल्या मागाने विणकराचे दैन्य फिटले, असे मात्र कोणी समजू नये. सुताचा भाव, सावकाराचे देणे व गिरणीच्या कापडाची स्वस्ताई यांवर धोट्याच्या वेगाचा उपाय चालत नाही. तरीही २०१९-२० च्या गणनेत या देशात हातमागाच्या कामावर सुमारे ३५ लक्ष माणसे आढळली.

पालकहो, विणकराच्या मुलाने विणकरच व्हावे, असे माझे म्हणणे नाही. त्याने खुशाल इंजिनिअर व्हावे. पण घरातील यंत्राची लाज बाळगून कोणी यंत्रविद्या शिकेल, हे मला संभवत नाही. म्हणून प्रत्येक शाळेत एक लहानसा माग असावा, व तो चालविणाऱ्यास शिक्षकाचा मान मिळावा.

पुढल्या आठवड्यात त्याच विद्यार्थ्याने फळ्यावर मागाची आकृती काढली. धोट्याची दोरी कोठे बांधतात, हे मला ठाऊक नव्हते. ते त्याने सर्व वर्गादेखत मला समजावून दिले.