ताईचा आठवडा



‘ताई सध्या काय करते?’ हा प्रश्न मला प्रत्येक लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच. माझ्या ताईला डाउन सिंड्रोम आहे. वय ३९, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ‘सेंटरला जाते,’ असं मी सांगतो. ‘अरे वा, म्हणजे वेळ छान जातो की!’ असं म्हणून समोरचे काका जिलबीकडे वळतात. वेळ जातो हे खरंच आहे. तो कसा जातो, ते गेल्या महिन्यात मला सलग सहा दिवस बघायला मिळालं. म्हणून या वेळचं सदर ताईच्या आठवड्याचं.

झालं असं, की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ताईला सेंटरला नेणं-आणणं हे इतकी वर्षं आईचं काम. बाबा आता ७४ वर्षांचे, त्यांना बसची चढउतार झेपत नाही. मी ऑफिसातून आठवड्याची सुट्टी काढली. त्याच सुमारास कंपनीने मला पुण्याच्या ऑफिसात येतोस का, असं विचारलं होतं. पगार बरा, काम आवडीचं, शिवाय आत्या-काका सगळे तिकडेच. ‘अरे, आपल्या माणसांत जाशील,’ असं सगळे म्हणत होते. आमचे आजोबा नांदेडहून हैदराबादला आले तेव्हा मराठवाडा याच राज्यात होता, त्यामुळे ‘आपली माणसं’ नक्की कुठली, हा आमच्या घरात जुनाच वाद आहे. पण ते असो.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरानंतर काय? ताईची शाळा संपली तेव्हा बस, डबा, मैत्रिणी, गॅदरिंग सगळं एका दिवसात बंद झालं. त्यानंतर ती नऊ वर्षं घरीच होती. टीव्ही, झोप, आणि वजन वाढत गेलं. हे सेंटर सापडलं त्याला आता अकरा वर्षं झाली. एका जुन्या बंगल्यात १९ ते ५५ वयाची २६ माणसं रोज साडेनऊला येतात आणि चारला घरी जातात. शिकवणाऱ्या मॅडम सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेल्या. ही संस्था बौद्धिक अपंगत्वासाठी १९८४ मध्ये सुरू झाली. ताई लहान असताना तिची पहिली तपासणीही तिथेच झाली होती.

सोमवार. काचिगुड्याहून सिटी बस. २०२३ च्या डिसेंबरपासून तेलंगणात बायकांना साध्या बसमध्ये प्रवास फुकट आहे, त्यामुळे कंडक्टर ताईला शून्य रुपयांचं तिकीट देतो आणि माझ्याकडून पैसे घेतो. याचा तिला रोज नव्याने आनंद होतो. सेंटरला ‘बसून बघणारे नकोत, हात लावणारे हवेत’ असं मला आधीच सांगितलं होतं.

दाराशी एक फळा आहे. प्रत्येकाच्या फोटोपुढे दिवसभरातल्या कामांची चित्रं ओळीने लावलेली. वाचता न येणाऱ्यालाही आता काय आणि पुढे काय हे दिसतं. एक जागा मात्र रिकामी असते. ती ज्याची त्याने भरायची. ताईपुढे दोन चित्रं धरली, पणत्या रंगवणं आणि पणत्यांचे डबे भरणं. रंगाच्या चित्राकडे बघून ती म्हणाली, “नक्को!” आणि डब्याचं चित्र फळ्यावर लावलं.

हैदराबादी दख्खनीतला हा ‘नक्को’ आपल्या मराठी ‘नको’वरूनच आलेला. इथला रिक्षावाला, भाजीवाला, तेलुगू मॅडम सगळ्यांना तो कळतो. सेंटरमध्ये तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी अशी सगळ्या घरांतली माणसं आहेत. काहींना बोलता येत नाही, ती मान हलवतात किंवा चित्र उलटं ठेवतात. त्यालाही तिथे ‘नक्को’च म्हणतात आणि वहीत तशी नोंद होते.

मंगळवार. पूर्ण दिवस कामाचा. दिवाळीच्या पणत्यांची ऑर्डर होती, एका डब्यात १२. ताईला पाचापर्यंत नीट मोजता येतं, पुढे गडबड होते. म्हणून एका पुठ्ठ्यावर १२ गोल काढलेत. प्रत्येक गोलावर एक पणती ठेवायची, गोल संपले की त्या डब्यात भरायच्या. मोजणी पुठ्ठाच करतो. ताईने दिवसभरात ३१ डबे भरले आणि टवका उडालेली प्रत्येक पणती बाजूला काढली. त्या बाबतीत ती कुणाचंही ऐकत नाही.

नवीन माणसाला शिकवण्याची पद्धत मला फार आवडली. कामाचे सात टप्पे पाडतात. पहिले सहा मॅडम करून देतात आणि शेवटचा, म्हणजे झाकण दाबून बसवण्याचा, शिकणारा करतो. तो जमला की शेवटचे दोन त्याचे, मग तीन. याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. आपण नेहमी पहिल्या पायरीपासून शिकवतो, त्यामुळे शिकणारा मध्येच अडकतो आणि काम दुसऱ्यालाच पुरं करावं लागतं. इथे पहिल्या दिवसापासून काम पुरं झाल्याचा आनंद त्याला मिळतो. आमच्या ऑफिसात नव्या पोरांना काम समजावणाऱ्यांनी हे एकदा येऊन बघावं.

बुधवार. सहा जणांना घेऊन रयतू बाजार. शेतकऱ्यांनी थेट विकायचे हे बाजार आपल्याकडे १९९९ पासून आहेत. प्रत्येकाकडे एक कार्ड, त्यावर भाजीचं चित्र आणि द्यायच्या नोटेचं चित्र. भाजीवाल्या अम्मा यांना ओळखतात. ताईचा टोमॅटो निवडण्याचा वेग बघून मागच्या बाई वैतागल्या, पण अम्मांनी ताईला घाई केली नाही.

परतताना बसमध्ये गर्दी झाली, कुणीतरी मोबाइलवर मोठ्याने गाणी लावली. आमच्यातला एक ऑटिस्टिक तरुण स्वतःच्या डोक्यावर बुक्के मारायला लागला. लोक बघत राहिले, एकाने व्हिडिओसाठी फोन वर केला. मॅडमनी त्याच्या कानावर हेडफोन चढवले, स्वतः त्याच्या आणि गर्दीच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. दोन थांब्यांनंतर तो शांत झाला. मला वाटलं, आता त्याचा बाजार बंद होणार. मॅडम म्हणाल्या, “पुढच्या बुधवारी अर्धा तास लवकर निघू.”

गुरुवार. व्यायाम आणि बॉची. पांढरा छोटा चेंडू पुढे टाकायचा आणि आपले चेंडू त्याच्या जवळात जवळ न्यायचे, असा हा खेळ. स्पेशल ऑलिम्पिक्समध्येही तो खेळतात. खुर्चीत बसूनही खेळता येतो, म्हणून इथे लाडका. ताईला कोलांटउडी मात्र बंद आहे. डाउन सिंड्रोममध्ये काही जणांचा मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, झटका बसला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

त्या दिवशी मॅडमनी मला ताईची वही दाखवली. अकरा वर्षांच्या नोंदी. वजन, थायरॉइडच्या तपासण्या, जिना किती वेळात चढली, कुठलं काम विसरली, कुणाशी कट्टी झाली. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांत म्हातारपण लवकर येतं. अल्झायमरचा धोका जास्त असतो आणि तो चाळिशी-पन्नाशीतही सुरू होऊ शकतो. सुरुवात अगदी बारीक असते. रोजची चप्पल कुठे काढायची हे विसरणं, आवडत्या कामाला नाही म्हणणं. “हे ओळखायचं तर काल ती कशी होती हे माहीत असावं लागतं,” मॅडम म्हणाल्या. त्यांना मी पुण्याचं काही सांगितलेलं नव्हतं. पण वही हातात घेऊन मी बराच वेळ तोच विचार करत होतो. नव्या शहरात गेल्यावर ताई गप्प झाली, तर ते आजारामुळे की मैत्रिणी दुरावल्यामुळे, हे तिथे कोण सांगणार?

शुक्रवार. सकाळी स्वयंपाक. इंडक्शनवर पुळिहोरा, चिंच कोळण्याचं काम ताईकडे. दुपारी बतुकम्माची तालीम. तंगेडूची पिवळी फुलं ताटात उतरंडीसारखी रचून त्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरायचा. आपल्या भोंडल्याची आठवण येतेच. एक ५२ वर्षांच्या मावशी व्हीलचेअरवर आहेत, त्यांची खुर्ची फेरात ढकलण्याचा मान आठवड्यातून एकेकाला मिळतो आणि त्यावरून भांडणं होतात.

चार वाजता पगार. महिन्याचा शेवटचा शुक्रवार होता. ताईच्या पाकिटात ४६० रुपये. रक्कम बघून हसू नका. सेंटरचा खर्च देणग्यांवर चालतो, सहा जणांमागे एकच मदतनीस आहे आणि मॅडमचा पगार सांगितला तर तुम्हाला लाज वाटेल, मला वाटली. तर ताईने त्या पैशातून नेहमीप्रमाणे बाबांसाठी उस्मानिया बिस्किटं घेतली. बाबांना साखर आहे. ते दोन खातात आणि बाकीची आई लपवून ठेवते.

शनिवार. सुट्टी, पण महिन्याची पालकसभा. खुर्च्यांवर बहुतेक सत्तरीच्या आसपासची माणसं. विषय कुठलाही निघो, शेवटी एकच प्रश्न येतो, आमच्यानंतर कोण? माझ्या वयाचे आम्ही तिघंच होतो, तिघंही भावंडं. म्हणून हे तुमच्यासाठी लिहितो. अशा घरातल्या भावंडांना ही माहिती असायलाच हवी.

मूल १८ पूर्ण झालं, की आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर असते. त्याच ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे, आधी तपासणी करून घ्यावी लागत नाही. आणि २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे, म्हणजे पालकाने त्या व्यक्तीबरोबर मिळून, तिच्या इच्छेला धरून निर्णय घ्यायचा. आमच्याकडे पालक म्हणून आई-बाबांची नावं आहेत. पुढचं नाव माझं लागणार.

सभेनंतर मी मॅडमना पुण्याचं सांगितलं. पुण्यातही अशी केंद्रं आहेत, कामायनीसारखी संस्था तर १९६४ पासून काम करते. त्यामुळे सोय होईल की नाही हा प्रश्न नव्हता. मॅडमनी विचारलं, “अक्काला विचारलंत?” (ताईला तिथे सगळे अक्का म्हणतात.) मी म्हटलं, आज विचारतो. त्या म्हणाल्या, तसं विचारू नका. पुण्याला जायचं का म्हटलं, तर ती हो म्हणेल. तिला रेल्वे आवडते आणि तुम्ही आवडता. जी जागा पाहिलीच नाही तिला ‘नक्को’ कसं म्हणायचं?

घरी आल्यावर आम्ही चौघं बोललो. ताई सोफ्यावरच होती, बिस्किटांचा पुडा मांडीवर घेऊन. आईचं म्हणणं, मी आणखी किती वर्षं बस चढणार, तू जिथे असशील तिथेच ती असायला हवी. बाबा म्हणाले, अकरा वर्षांची वही दुसरीकडे कशी नेणार? दोघांचंही खरं आहे, म्हणूनच तिढा आहे. शेवटी कंपनीकडून मी डिसेंबरपर्यंत मुदत मागून घेतली. दिवाळीनंतर ताई आणि मी पंधरा दिवस पुण्यात आत्याकडे राहणार. तिथल्या एका कार्यशाळेने तिला आठवडाभर बसू द्यायचं कबूल केलंय. मॅडमनी प्रवासासाठी चित्रांचा छोटा फळा करून दिलाय. त्यात आत्याचं घर आहे, नवी बस आहे, नवं टेबल आहे आणि आमचं काचिगुड्याचं घरही आहे. रोज संध्याकाळी तिने एक चित्र उचलायचं, मी तारीख घालून लिहून ठेवायचं. तिने पंधरा दिवस घराचंच चित्र उचललं तर काय करायचं, हे मी बायकोशी आत्ताच बोलून ठेवलंय. मग पुणं नाही, आणि सकाळची बस माझ्याकडे.

काय झालं ते पुढच्या सदरात लिहीनच. तोपर्यंत एक काम करा. तुमच्या शहरात असं केंद्र असेल तर एखादा मंगळवार तिथे घालवा. हात लावणारे त्यांना नेहमीच कमी पडतात. आणि दिवाळीच्या पणत्या घ्यायच्याच असतील तर तिथून घ्या. टवका उडालेली एकही पणती मिळणार नाही, निदान ताईच्या डब्यात तरी.