सडा ओसाड कोणाला दिसतो?

मनुष्य वस्तुस्थिती पाहून मत बनवितो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात बहुधा उलट घडते. मनातील प्रश्नाचे उत्तर तेवढे त्याला दिसते. बाकीचे दृष्टीआड राहते. रत्नागिरी जिल्ह्यातील कातळाचे सडे हे याचे ठळक उदाहरण होय.

महसूल व्यवस्थेने या जमिनीला एकच प्रश्न विचारला : पीक किती आणि सारा किती? उत्तर नकारार्थी आले आणि सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ अशी नोंद झाली. त्या प्रश्नापुरती ती खोटी नव्हती. परंतु ‘लागवडीस अयोग्य’ याचा अर्थ हळूहळू ‘निरुपयोगी’ असा होऊन बसला. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी राजापूर तालुक्यातील बारसूची सुमारे १३,००० एकर जमीन केंद्राला सुचविली, तेव्हा तीतील बहुतांश जमीन ओसाड असल्याचे सांगण्यात आले. त्याच वर्षी बारसूची कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. सडा तोच, पाहणारे निराळे.

गावकऱ्याचा सडा या दोहोंहून वेगळा आहे. तेथे त्याची गुरे चरतात, गवत कापले जाते, माती साचलेल्या खोलगट जागी भात होते. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पावसाचे पाणी उतारावरील झऱ्यांना आणि विहिरींना मिळते. यातील बहुतेक गोष्टी बाजारात येत नाहीत. ज्याची पावती नाही ते उत्पन्नच नाही, असे मानणाऱ्या हिशेबात त्यांना जागा कोठून मिळणार? सातबाऱ्यावर ज्याचे नावच नाही, त्याच्या वहिवाटीचा तर उल्लेखही होत नाही.

मात्र दृष्टीचा हा संकोच केवळ सरकारपुरता नाही. एप्रिल २०२३ मध्ये बारसूत माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा विरोध करणाऱ्या ग्रामस्थांना पोलिसांनी ताब्यात घेतले. एका बाजूने ‘विकासविरोधी’ आणि दुसऱ्या बाजूने ‘दलाल’ असे शिक्के मारले गेले. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरणाऱ्या घरातील तरुण गावाजवळ कारखाना मागतो, तेव्हा त्याला दलाल म्हणणे हेही न पाहणेच होय. उद्या शिल्पांभोवती कुंपणे घालून गुरे हाकलली गेली, तर ते संरक्षणही तितकेच एकाक्ष ठरेल.

अशा वेळी कार्यकर्त्यांनी घोषणेपूर्वी वही हाती घ्यावी. सड्यावर कोण, कोणत्या महिन्यात, कशासाठी जाते. कोणत्या वाडीचे पाणी त्यावर अवलंबून आहे. किती घरांतील तरुण कामासाठी बाहेर आहेत, याची बारमाही नोंद गावकऱ्यांनीच करून ग्रामसभेपुढे मांडावी. त्यानंतर गाव प्रकल्प स्वीकारो वा नाकारो, त्याची किंमत त्याला ठाऊक असेल. दुसऱ्याने दिलेल्या एका शब्दावरून आपल्या भूमीचे मोल ठरू देणे, ही पराधीनतेची सुरुवात असते.